मल्लपूरच्या वाटेवर

सन १६६९. कार्तिकातला सोमवार, आणि बेंगळुरूच्या पेठेत तुमच्या घरी पहाटेपासून नुसती झुंबड. थोरलीची वेणी घट्ट झालीय, धाकट्याला कुंची टोचतेय, कारभारीण म्हणतेय आंबील पिऊनच निघा. तुम्ही एकोजीराजांच्या पागेत चाकरीला. त्यांच्या वडिलांना, शहाजीराजांना, जाऊन पाच वर्षं झाली. त्यांच्याच पदरी तुमचे वडील भीमथडीहून इकडे आले आणि इथलेच झाले.

तुमचा देव मात्र अजून शिखर शिंगणापूरलाच आहे. भोसल्यांचं ते कुलदैवत, तुम्हीही त्यालाच मानता. वडील सांगायचे तो मुंगी घाट, त्या खांद्यावरच्या कावडी तुम्ही कधी पाहिल्या नाहीत, तरी डोळे मिटले की तेच दिसतं. इथल्या देवळात हात जोडताना मन पाहुण्यासारखं अवघडून बसतं.

यलहंका वेशीतून बाहेर पडलात की डावीकडे केंपेगौडांचं धर्मांबुधी तळं. पुढे कधीतरी याच जागी मॅजेस्टिकचा बसस्टँड होणार आहे. आत्ता काठावर बगळे उभे आहेत आणि धाकटा त्यांना हुसकावायला धावतोय. थोरलीच्या हातात घरच्या पाण्याचा तांब्या. तो ती कुणालाही धरू देत नाही. दर चार पावलांना पाणी हिंदकळून तिच्या परकरावर सांडतं. वाटेत एक आजी भेटतात, कन्नडमध्ये काही विचारतात; तुम्ही शब्द जुळवेपर्यंत पोरीचं उत्तर देऊन झालेलं असतं.

रान दाट होत जातं. चढ संपतो आणि मल्लपूरच्या मल्लिकार्जुनाचं देऊळ दिसतं. थोरली पिंडीवर तांब्या उपडा करते. चूळभर पाणी उरलंय, पण तिचा चेहरा बघा! धाकटा नंदीच्या कानाशी तोंड नेतो, दुसरा कान हाताने झाकतो आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं कुजबुजतो, "आमच्या गायीला करू होऊ दे!" वासरू म्हणायचं त्याला सुचलेलंच नाही, कन्नडमधलं करू तोंडात आलं. पुजारी हसतात, सगळेच हसतात, आणि तुम्हाला इतकं हसू लोटतं की डोळे पुसावे लागतात.

मोठ्यांनी मुलांना देवधर्म शिकवायचा असतो, असं आपण धरून चालतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. परमुलखात संसार मांडलेल्या आईबापांना समोरचा देव बहुतेक वेळा मुलंच दाखवतात. तुम्ही आजवर आठवणीतल्या महादेवापुढे हात जोडत होतात. पोरांनी समोर बसलेल्याला थेट गाऱ्हाणं घातलं. शिंगणापूर त्याने पुसलं जात नाही. आज पहिल्यांदा तुम्ही डोळे उघडे ठेवून नमस्कार करता.

याच साली एकोजीराजे या देवाला मेदरनिंगनहळ्ळी नावाचं गाव इनाम देतात. मराठी राजाचं ते दान कन्नड लेखात दगडावर कोरलं जातं. पुढे १६८७ साली बेंगळुरू म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे जातं. १८९८ मध्ये प्लेगने पेठ हादरते, लोकांना मोकळ्या हवेत राहता यावं म्हणून रानात रस्ते आखले जातात आणि वस्तीला नाव मिळतं मल्लेश्वरम. आजही त्या गजबजलेल्या वस्तीत हा देव काडू मल्लेश्वर, म्हणजे रानातला मल्लेश्वर, याच नावाने ओळखला जातो, आणि मला याचा फार आनंद वाटतो.

उन्हं चढली. पागेत घोडी खोळंबली असतील, पण तुमची पावलं काही उचलत नाहीत. पुढच्या सोमवारी तांब्या कोण धरणार यावरून वाटेतच दोघांची जुंपलीय. "आबा, याला सांगा ना! हा सगळं सांडेल." धाकट्याने भोकाड पसरलंय.

"दोन तांबे घेऊ," तुम्ही म्हणता.