फर्निचरचे भाव आणि आयातशुल्क : लग्नाचा ‘सेट’ घेण्याआधी सोलापूरकरांनी काय समजून घ्यावे

सोलापुरात सात रस्ता भागात किंवा तिथून पुढे विजापूर रोडला फर्निचर बघायला निघालेल्या घरांना हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘बाहेरून येणाऱ्या मालावर कर वाढलाय, म्हणून भाव वाढलेत.’ लग्न ठरलेले असते, निकाहची तारीख जवळ आलेली असते. पलंग, कपाट, ड्रेसिंग टेबल, सोफा अशी यादी हातात असते. अशा वेळी घासाघीस करायला वेळ नसतो आणि माहितीही नसते. मुलीचे वडील मान हलवतात आणि वाढीव रक्कम देऊन मोकळे होतात.

हा कर नेमका कशावर पडतो, किती पडतो आणि दुकानापर्यंत येता येता त्याचे काय होते, हे आम्ही इथे सोप्या हिशेबात मांडत आहोत. गिऱ्हाइकाला ते कळायला हवेच, पण आपल्यातले अनेक जण सुतारकाम, कुशनकाम, पॉलिश आणि फर्निचरच्या दुकानदारीत आहेत, त्यांच्यासाठीही ते गरजेचे आहे.

आधी शब्दाचा खुलासा

मराठीत आयातशुल्काला ‘जकात’ही म्हणतात. जुन्या लोकांना जकात नाका आठवतो, तो शहरात माल आणताना भरायच्या कराचा. आपल्या दीनमधली जकात ही फर्ज इबादत आहे. शब्द एकाच अरबी मुळाचा, पण गोष्टी वेगळ्या. गोंधळ नको म्हणून या लेखात सरकारी कराला आम्ही ‘आयातशुल्क’ म्हणू. बाजारात यालाच कस्टम ड्युटी म्हणतात. फर्ज जकातीचा मुद्दा शेवटी स्वतंत्र घेतला आहे.

दर कसे बदलत गेले

फर्निचरवरचे मूळ आयातशुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात १० टक्क्यांवरून २० टक्के झाले. २०२० मध्ये ते २५ टक्के केले गेले. देशातल्या कारागिरांना आणि लहान कारखान्यांना परदेशी स्वस्त मालापासून आडोसा मिळावा, हे त्यामागचे कारण सांगितले गेले. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क २५ वरून २० टक्क्यांवर आणले, मात्र त्याच वेळी कृषी पायाभूत सुविधा उपकर लावला. त्यामुळे कागदावर शुल्क उतरले तरी एकूण भार फारसा उतरला नाही. ‘शुल्क पाच टक्क्यांनी कमी झाले’ ही बातमी वाचून दुकानात भाव पाच टक्क्यांनी खाली येतील असे ज्यांना वाटले, त्यांची निराशा झाली ती यामुळेच.

याच्या जोडीला जीएसटी आहे. जुलै २०१७ मध्ये फर्निचरवर २८ टक्के जीएसटी होता, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो १८ टक्के झाला आणि लाकडी, लोखंडी, प्लायच्या फर्निचरवर तोच राहिला. वेत आणि बांबूच्या फर्निचरवरचा जीएसटी मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. हे अनेक गिऱ्हाइकांना माहीतच नसते. वेताची खुर्ची किंवा बांबूचा सोफा घेताना बिलावर ५ टक्केच लागले आहेत ना, हे पाहून घ्या.

एका सोफ्याचा हिशेब

समजा, परदेशातून आलेला सोफा बंदरात उतरताना विमा-भाड्यासह २०,००० रुपयांना पडला. हिशेब सोपा व्हावा म्हणून आयातशुल्काचा एकूण भार २५ टक्के धरू. नफ्याचे आकडेही केवळ उदाहरणासाठी आहेत.

- आयातशुल्क ५,००० रुपये. माल २५,००० वर गेला.
- घाऊक व्यापाऱ्याने १० टक्के धरले : २७,५००.
- दुकानदाराने २५ टक्के धरले : ३४,३७५.
- त्यावर १८ टक्के जीएसटी : सुमारे ४०,५६२ रुपये.

आयातशुल्क अजिबात नसते, तर याच पायऱ्यांनी तोच सोफा ३२,४५० रुपयांना मिळाला असता. म्हणजे सरकारकडे आयातशुल्क म्हणून गेले ५,०००, पण गिऱ्हाइकाच्या खिशातून गेले सुमारे ८,११२. मधल्या प्रत्येक पायरीवर नफा आणि कर त्या शुल्कासकट मोजला जातो, म्हणून रक्कम फुगत जाते. टेम्पोचे भाडे आणि हमाली अजून यात धरलेलीच नाही.

आता दुसरी बाजू पाहा. उद्या हे शुल्क २५ चे ३० टक्के झाले, तर वरच्याच हिशेबाने सोफा सुमारे ४२,१८५ रुपयांना पडेल. वाढ झाली १,६२२ रुपये, म्हणजे चार टक्के. शुल्क पाच टक्क्यांनी वाढले, तर अख्ख्या परदेशी वस्तूची किंमतही पाच टक्क्यांपेक्षा कमीच वाढायला हवी. कोणी १० टक्के वाढवून आयातशुल्काकडे बोट दाखवत असेल, तर बाकीची वाढ कशाची हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

इथे बनलेल्या पलंगाचे काय?

सोलापुरातल्या घरांतले बरेचसे फर्निचर परदेशातून येत नाही. सुतार ते इथेच बनवतो, नाहीतर ते देशातल्याच दुसऱ्या शहरातून येते. पण त्यातही थोडा परदेशी भाग असू शकतो. ड्रॉवरचे चॅनल, बिजागऱ्या, हायड्रॉलिक पंप, काही प्रकारचे बोर्ड, कुशनचे कापड, फोमसाठी लागणारी रसायने यांतले काही बाहेरून येते.

३०,००० रुपयांच्या पलंगात असा परदेशी भाग ४,००० रुपयांचा आहे असे धरा. त्यावर शुल्क पाच टक्क्यांनी वाढले, तर वाढ झाली २०० रुपयांची. नफा आणि जीएसटी धरूनही ती सुमारे ३२५ रुपयांपर्यंतच जाईल. सुताराची मजुरी, पॉलिश, इथले लाकूड यांवर आयातशुल्क लागत नाही. तेव्हा आयातशुल्काचे नाव सांगून अशा पलंगावर तीन हजार वाढवले, तर तो हिशेब जुळत नाही. डिझेल, मजुरी, प्लायचा भाव यांमुळे वाढ होऊ शकते, पण मग कारण तेच सांगितले पाहिजे.

लाकडाबाबत आणखी एक गोष्ट. ‘अस्सल बर्मा टीक’ म्हणून आजही माल विकला जातो. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे. भारतात येणाऱ्या सागवानाचे ओंडके घाना, टांझानिया, इक्वेडोर, पनामा अशा देशांतून येतात. ते लाकूड वाईट असते असे नाही, पण बर्माच्या नावाने जादा पैसे मोजण्याआधी मूळ देश कोणता ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

दुकानदाराची अडचणही खरी आहे

प्रत्येक भाववाढ म्हणजे फसवणूक असे समजणे बरोबर नाही. दुकानदाराला चार गोष्टी सोसाव्या लागतात.

पहिली, आयात करताना भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट नोंदणीकृत व्यापाऱ्याला परत मिळते, मूळ आयातशुल्काचे मिळत नाही. तो त्याचा खर्चच असतो.

दुसरी, सीमाशुल्क कायदा १९६२ नुसार शुल्काचा दर ठरतो तो माल इथे आल्यावर दाखल होणाऱ्या ‘बिल ऑफ एंट्री’च्या तारखेने. जहाज नंतर पोहोचले, तर ते पोहोचल्याच्या तारखेने. ऑर्डर दिली किंवा माल निघाला त्या दिवसाचा दर धरला जात नाही. कंटेनर समुद्रात असताना दर वाढला, तर नवा दर भरावा लागतो, गिऱ्हाइकाकडून बयाणा मात्र जुन्या भावाने घेतलेला असतो.

तिसरी, शुल्क रुपयांत मोजले जाते. डॉलर महागला की मालाची रुपयातली किंमत वाढते आणि त्यावरचे शुल्कही आपोआप वाढते. सरकारने दर न बदलताही भाव चढतो तो असा.

चौथी गोष्ट छोट्या दुकानदारांची. दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेले अनेक जण जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात. त्यांना एक टक्का कर स्वतः भरायचा असतो, पण खरेदीवरच्या कराचे क्रेडिट मिळत नाही. असा दुकानदार बिलावर वेगळा जीएसटी लावू शकत नाही. छोट्या दुकानात ‘प्लस जीएसटी’ म्हणत असतील, तर बिल कोणत्या प्रकारचे आहे ते पाहा.

आसियान देशांशी झालेला आपला व्यापार करार मालाच्या बाबतीत १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. मलेशिया, व्हिएतनामसारख्या देशांतून करारात बसणारा माल मूळ देशाच्या प्रमाणपत्रासह आला, तर शुल्कात सवलत मिळते. त्यामुळे सारखे दिसणारे दोन डायनिंग टेबल, एक चीनचे आणि एक मलेशियाचे, भावाने वेगळे असू शकतात. घाऊक माल उचलताना दुकानदारांनी हे जरूर विचारावे.

सोलापूरला दुसऱ्या बाजूनेही फटका

आयातशुल्क फक्त आपले सरकार लावते असे नाही. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर एकूण ५० टक्के जादा शुल्क लावले. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल हा आपल्या शहराचा मुख्य धंदा. टेरी टॉवेलवर अमेरिकेत आधीच ९.१ टक्के शुल्क होते, त्यावर हे ५० टक्के आले. पुढे वाटाघाटी आणि दरबदल होत राहिले, पण अशा धक्क्यात ऑर्डरी थांबल्या की अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागांवरची पाळी कमी होते आणि कामगाराची हप्त्याची कमाई घटते.

म्हणजे एक शुल्क फर्निचर महाग करते आणि दुसरे शुल्क ते घेणाऱ्याचा पगार कमी करते. दुकानदारालाही याचा फटका बसतो, कारण लग्नाचा सेट घेणारी घरे यंत्रमाग, विडी, रिक्षा अशाच कमाईवर चालतात. ज्याच्याकडे परदेशी मालाचा साठा पडून आहे, त्याचे भांडवल अशा काळात अडकते.

खरेदीच्या वेळी काय करावे

- वस्तू परदेशी, देशी की इथे बनवलेली, हे आधी विचारा. बंद खोक्यात येणाऱ्या परदेशी मालावर मूळ देश, आयातदाराचे नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असावी लागते.
- ‘कर वाढला’ म्हटले की कोणता कर आणि कधीपासून, हे विचारा. शुल्क वाढण्याआधी गोदामात आलेल्या मालावर नवे शुल्क भरलेले नसते.
- एकाच मापाचा पलंग सुताराकडून करून घेतला तर किती, हे विचारून या. प्लाय घेताना आयएसआय खूण पाहा.
- बयाणा देताना ठरलेली किंमत, लाकडाचा प्रकार आणि माल मिळण्याची तारीख पावतीवर लिहून घ्या. ‘मधल्या काळात भाव वाढला तर’ याचेही आधीच ठरवा.
- पक्के बिल घ्याच. बिलाशिवाय थोडे स्वस्त मिळते, पण पुढे वाळवी लागली किंवा जोड निखळला तर हातात पुरावा राहत नाही.
- ‘नो कॉस्ट’ हप्त्यात रोखीची सूट अनेकदा सोडावी लागते. तीच रक्कम व्याजाच्या जागी जाते. रोख भाव आणि हप्त्याचा भाव दोन्ही विचारा. सूद टाळायचा असेल, तर भिशीचे पैसे आल्यावर थोडे-थोडे घेणे बरे.
- तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. पाच लाख रुपयांपर्यंत किंमत मोजलेल्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायला शुल्क लागत नाही.

फर्ज जकातीचा हिशेब

घरात वापरायच्या पलंग-सोफ्यावर जकात नाही, ते कितीही महाग असोत. दुकानदाराच्या विक्रीच्या मालावर मात्र आहे, अडीच टक्के. जकातीचे वर्ष पूर्ण होते त्या दिवशीच्या बाजारभावाने तो माल मोजला जातो, जुन्या खरेदीभावाने नाही. त्यामुळे शुल्क वाढून साठ्याची किंमत चढली असेल, तर जकातही त्या हिशेबाने वाढते. दुकानातले काउंटर, मांडण्या आणि माल पोहोचवणारा टेम्पो यात धरत नाहीत. घाऊक भाव धरायचा की किरकोळ, उधारी कशी मोजायची, हे आपल्या मस्जिदीतल्या आलिमांना विचारून घ्यावे.

शेवटी

आयातशुल्काचे दर दर अर्थसंकल्पात बदलू शकतात, म्हणून मोठी खरेदी किंवा घाऊक ऑर्डर करण्याआधी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर चालू दर पाहावा. पण दर कोणताही असो, वस्तूत परदेशी भाग किती आहे, हा प्रश्न कायम ठेवा. तेवढ्याच भागावर हा कर पडतो.

आणि एक गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. भाव वाढले म्हणून मुलीच्या बापाने कर्ज काढून तोच सेट द्यावा, असे शरियत सांगत नाही आणि हुंड्याची मागणी करणे तर १९६१ पासून देशाच्या कायद्यानेही गुन्हा आहे. यादीतला सोफा कमी करायचा असेल, तर ही गोष्ट मुलाकडच्यांनी आधी बोलून दाखवावी. मुलीकडच्यांना ती बोलणे अवघड जाते.