चुंबक, गाठ आणि हुजूरपागेची मुलगी

बुधवार पेठेतल्या माणसाला लक्ष्मी रस्त्यावरची हुजूरपागा शाळा सांगायला नको. पण ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्मलेली कमल समर्थ याच शाळेची विद्यार्थिनी, हे किती जणांना ठाऊक आहे? वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. ती मात्र वनस्पती आणि प्राणिशास्त्रात रमली. लग्नानंतर मुंबईला गेली आणि १९४९ मध्ये डॉ. खानोलकरांच्या हाताखाली पीएच.डी. झाली. याच डॉ. कमल रणदिवे.

उंदरांवर प्रयोग करून त्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी संबंध तपासला. ज्या काळी या दुखण्याचे नावही बायका घरात घेत नसत, त्या काळी एक मराठी बाई ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होती! १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

तिकडे अमेरिकेत १९७१ मध्ये रेमंड डमाडियन यांना वेगळीच गोष्ट दिसली. पेशींतल्या पाण्यात हायड्रोजन असतो. चुंबकीय क्षेत्रात रेडिओलहरींनी त्याला डिवचले, की तो हळूहळू पूर्वपदावर येतो. उंदरांच्या कर्करोगाच्या गाठींत याला निरोगी पेशींपेक्षा जास्त वेळ लागत होता. पुढे लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांनी या तत्त्वावर चित्र काढण्याच्या पद्धती शोधल्या. २००३ चे नोबेल त्या दोघांना मिळाले, डमाडियन यांना नाही.

पण नुसत्या वेळेच्या फरकावरून स्तनातली साधी गाठ आणि कर्करोग नेमके वेगळे करता येईनात. मग १९८० च्या दशकात शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देऊ लागले. कर्करोगाची गाठ स्वतःसाठी नव्या, पाझरणाऱ्या रक्तवाहिन्या तयार करते. त्यामुळे औषध तिथे झटकन शिरते, पुष्कळदा झटकन बाहेरही पडते, आणि गाठ चित्रात उजळते.

गंमत म्हणजे इथे दोन्ही वाटा एकत्र येतात. १९९४ मध्ये बीआरसीए-१ हे जनुक सापडले. त्यात दोष असलेल्या स्त्रियांना धोका फार, आणि तोही तरुण वयात. त्या वयात स्तन घट्ट असल्याने मॅमोग्राफीत गाठ लपू शकते. म्हणून २००७ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने अशा स्त्रियांना मॅमोग्राफीच्या जोडीला दरवर्षी एमआरआय सुचवला.

सरसकट सगळ्यांना ही महागडी तपासणी नको. शिवाय तिच्यात साधी गाठही कधी संशयास्पद दिसते; शेवटचा निर्णय तुकडा काढून तपासल्यावरच.

पण घरातल्या लेकी-सुनांनो, आजी, आई, मावशी, आत्या कशाने गेल्या हे एकदा विचारून ठेवा. वडिलांकडूनही हे जनुक येते. आपल्या घरांत "गाठ झाली होती" एवढेच सांगून विषय बदलतात. यंत्र कितीही चांगले असले, तरी कोणाला त्यात घालायचे हे या माहितीवरच ठरते.

असो.