गांडूळ, पाचोळा आणि न केलेली बेरीज

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने गांडुळावर बोलावं, याचं काहींना नवल वाटलं असेल. पण कार्यकारणभाव हा आमचा जुनाच विषय आहे, आणि गांडूळ त्यात चपखल बसतं.

सुरुवात १८३७ ची. अठ्ठावीस वर्षांच्या चार्ल्स डार्विनला त्याच्या मामांनी, जोसाया वेजवूड यांनी, आपलं कुरण दाखवलं. तिथे काही वर्षांपूर्वी पसरलेला चुना आणि कोळशाची राख जमिनीत काही इंच खाली गेली होती. हे गांडुळांचं काम असावं, असं मामाच म्हणाले. डार्विनने त्यावर लंडनच्या भूशास्त्र मंडळापुढे निबंध वाचला. पुढे १८४२ मध्ये स्वतःच्या घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरले आणि १८७१ मध्ये चर खणून पाहिला. थर सुमारे सात इंच खाली! एकोणतीस वर्षं थांबला हो माणूस.

एक टीकाकार म्हणाला, एवढ्याशा दुबळ्या जिवाकडून इतकं काम होणारच नाही. डार्विनचं म्हणणं असं, की सतत घडणाऱ्या छोट्या क्रियेची बेरीज करायला माणूस चुकतो. मला विचाराल तर त्याच्या १८८१ च्या गांडुळांवरच्या पुस्तकाचं सार हेच.

आता फळबागेत येऊ. इंग्लंडात विसबीच भागातल्या सफरचंदाच्या बागांचा अभ्यास रोथॅमस्टेडच्या एफ. रॉ यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. झाडांखाली गवत राखलेल्या बागेत शरदात पडलेल्या पानांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पानं हिवाळा संपेपर्यंत जमिनीत गेली होती. खोल बीळ करणारं मोठं गांडूळ रात्री वर येतं, पान तोंडात धरतं आणि बिळात ओढतं. आच्छादन पिकाचंही तेच. क्लोव्हरसारखा कोवळा, नत्रयुक्त पाला लवकर संपतो. काडीला मात्र आधी बुरशीने मऊ करावं लागतं. म्हणजे कुजवण्याचं काम मुख्यतः जिवाणू-बुरशीचं; गांडूळ पाला खाली नेतं, बारीक करतं, ओलावतं आणि त्यांच्या स्वाधीन करतं.

त्याच भागातल्या काही बागांत मात्र वर्षानुवर्षं तांब्याची फवारणी झाली होती. बोर्डो मिश्रण १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी द्राक्षांसाठी पुढे आणलं, ते सफरचंदावरही आलं. तांबं काही कुजत नाही. ते मातीत साठत गेलं. गांडुळं नाहीशी झाली, आणि न कुजलेल्या पाल्याची जाड गादी जमिनीवर साचली.

यातला पेच बघा. सफरचंदाच्या खपली रोगाची बुरशी हिवाळा काढते ती गळलेल्या पानांतच. ती पानं गाडणारं गांडूळ बागायतदाराचा सोबती होतं. रोगावरच्या औषधाने तोच सोबती गेला.

आपल्याकडे द्राक्ष-डाळिंबात बोर्डो आजही वापरतात. फवारणी सोडा, असं मी म्हणणार नाही. करपा, केवडा आला की काय होतं ते बागायतदारच जाणतो. आपली गांडुळं वेगळी, उन्हाळा वेगळा. विलायतेचे आकडे जसेच्या तसे इथे लागू होणार नाहीत. पण एका फवारणीचा हिशेब करतो, तसा तीस वर्षांच्या फवारण्यांचाही करायला हवा. गांडुळाचं काम जसं साठत जातं, तशी आपली चूकही साठत जाते.