नवमीची सवाष्ण

आमच्या वंशावळीत पणजोबांच्या नावापुढे एकच बायको होती आणि तिच्या नावाखाली सात मुलं. थोरले आजोबा आणि शेंडेफळ आत्याआजी यांच्यात चोवीस वर्षांचं अंतर. अशक्य नाही, म्हणून त्यावर कोणी अडलं नाही.

आत्याआजीच्या गोष्टी मात्र त्या कागदात मावत नसत. पणजोबा 1918 च्या मानमोडीत गेले. आपली आई तिला आठवे ती आलवणातलीच. आणि तीच सांगे, "भाद्रपदात नवमीला आमच्याकडे सवाष्ण जेवायची. आई पहाटेपासून सोवळ्यात स्वयंपाकाला लागायची. वहिनी सवाष्णीची ओटी भरायची."

पितृपक्षातली वद्य नवमी म्हणजे अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी, अहेवपणी गेलेल्या बाईची ती तिथी. नवरा वारल्यावर काही घरांत ती बंद होते, आमच्याकडे चालू राहिली. पण पणजी तर जिवंत, चुलीपुढे बसलेली. मग पाटावरची सवाष्ण कोणाच्या नावाने जेवत होती?

"दादाच्या आईच्या," आत्याआजी म्हणाली. "आईचं नाव लग्नात तेच ठेवलं ना!"

बिजवराच्या घरी आलेल्या मुलीला पहिलीचंच नाव दिलं गेलं आणि पुढे वंशावळ लिहिणाऱ्याने दोघींची एक करून टाकली. नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांच्या दोन मोडी नोंदी सापडल्या, शके 1816 आणि शके 1829 च्या. शकात 78 मिळवले की 1894 आणि 1907. बायकोचं नाव दोन्हीकडे तेच. माहेर मात्र आधी वाई, नंतर कऱ्हाड. थोरली तीन मुलं वाईकरणीची, धाकटी चार कऱ्हाडकरणीची.

नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याच्या रीतीने असे घोटाळे पुरुषांचेही होतात. राघोबादादांच्या एका मुलाला त्यांच्या वडिलांचं नाव मिळालं, दुसऱ्याला त्यांच्या काकांचं. म्हणून पेशव्यांच्या घरात बाजीराव दोन आणि चिमाजीअप्पाही दोन: एकांनी 1739 मध्ये वसई जिंकली, दुसऱ्यांना 1796 मध्ये थोडे दिवस गादीवर बसवलं. पण त्यांच्यामागे लढाया आहेत, पत्रं आहेत, सनावळी आहेत. त्यांना वेगळं काढता येतं. तीन लेकरं मागे ठेवून गेलेल्या वाईच्या मुलीमागे एक तिथी तेवढी होती. आणि ती सांभाळली तिच्याच नावाने हाक मारल्या जाणाऱ्या सवतीने. मला या दोघींबद्दल फार माया वाटते.

वंशावळ जुळवायला बसाल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नावं तर विचाराच, पण श्राद्ध कोणत्या तिथीला, कोणासाठी आणि कोण करायचं, हेही विचारा. बायकांची माहेरं विचारा. आणि हे याच वर्षी विचारा.