व्यसनोपचारातील रुग्ण आणि सेवक : एका नात्याचा इतिहास

व्यसनाधीन मनुष्य उपचारकेंद्रात क्वचितच स्वखुशीने येतो. बहुधा घरची मंडळीच त्याला आणून सोडतात. आरंभीचे काही दिवस तो चिडतो, खोटे बोलतो, ‘मला काहीही झालेले नाही’ असे ठासून सांगतो आणि घरी जाण्याचा हट्ट धरतो. त्याच्या या वर्तनाला केंद्रातील सेवकवर्गाने कसे सामोरे जावे, हा प्रश्न व्यसनोपचाराइतकाच जुना आहे. त्याला मिळालेली उत्तरे मात्र परस्परांहून फार भिन्न आहेत.

इ. स. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ यांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’चा उदय झाला. मद्यपीची व्यथा मद्यपीच जाणतो, हे त्यामागील सूत्र होय. १९५० च्या दशकात मिनेसोटा राज्यातील विल्मर येथील सरकारी रुग्णालयात डॉ. नेल्सन ब्रॅडली व मानसशास्त्रज्ञ डॅन अँडरसन यांनी हे सूत्र रुग्णालयाच्या चार भिंतींत आणले. मद्यपींच्या कक्षाची कुलुपे निघाली आणि व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तींना समुपदेशक म्हणून वेतनावर नेमण्यात आले. कालचा रुग्ण आज सेवक झाला.

याच काळात अगदी निराळा मार्गही चोखाळला गेला. १९५८ साली चार्ल्स डेडरिक यांनी कॅलिफोर्नियात ‘सिनॅनॉन’ ही संस्था स्थापिली. तेथे सदस्य वर्तुळात बसून एकमेकांवर शाब्दिक प्रहार करीत. शिक्षा म्हणून मुंडणही केले जाई. अहंकार मोडल्याखेरीज व्यसन सुटत नाही, अशी ही धारणा होती. आरंभी या प्रयोगाची मोठी वाहवा झाली व त्याचे अनुकरणही झाले. पुढे मात्र कठोरतेला धरबंध उरला नाही. १९७८ मध्ये संस्थेविरुद्ध लढणाऱ्या एका वकिलाच्या टपालपेटीत विषारी सर्प ठेवण्यापर्यंत मजल गेली आणि १९९१ मध्ये संस्था लयास गेली.

कठोरतेचे फळ काय, हे मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी तपासून पाहिले. १९८३ साली त्यांनी संवादाची एक नवी पद्धत मांडली. सेवकाने दोष दाखवला की रुग्ण आपल्या व्यसनाचे समर्थन करू लागतो आणि ते करता करता स्वतःच त्याला अधिक चिकटतो. म्हणून वाद न घालता बदलाची कारणे रुग्णाच्याच मुखातून येऊ द्यावीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, समुपदेशक जितका अधिक आरोप करी तितके रुग्णाचे वर्षभरानंतरचे मद्यपान अधिक, असे आढळले. रुग्णाचा हेकटपणा हा केवळ त्याचा स्वभाव नसून समोरच्याच्या बोलण्याचाही तो परिणाम असतो, हे यातून स्पष्ट झाले.

महाराष्ट्रात गर्दच्या व्यसनाने तरुण पिढी ग्रासली जात असताना २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांच्या या कार्यास पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा आधार लाभला. येथेही व्यसनमुक्त झालेले अनेक रुग्ण कार्यकर्ते बनले. नव्या रुग्णाची प्रत्येक सबब अशा कार्यकर्त्याने पूर्वी स्वतः वापरलेली असते. त्यामुळे तो सहसा फसत नाही आणि रुग्णाचा तिरस्कारही करीत नाही. १९९७ मध्ये अनिताताईंचे व २०२२ मध्ये अनिल अवचटांचे निधन झाले, तरी त्यांनी लावलेले रोपटे जोमाने वाढले.

उपचाराच्या नावाखाली मारहाण करणारी, साखळदंडाने बांधून ठेवणारी केंद्रेही आपल्या देशात निघाली, हे कटू सत्य आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांनाही आपल्या कक्षेत घेतले आणि रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली. तथापि कायदा फार तर साखळी काढू शकतो; रुग्णाच्या खांद्यावर आपुलकीचा हात सेवकानेच ठेवावा लागतो. आपल्या माणसाला केंद्रात दाखल करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने इमारत व शुल्क पाहण्याआधी तेथील सेवक रुग्णाशी कसे बोलतात हे पाहावे, हाच या इतिहासाचा बोध होय.