हवा भरणारी सुई, हवा काढणारी नळी

कन्नड तालुक्यातील पिशोरच्या शिवारात काम करताना एखाद्याच्या बरगडीत एकाएकी कळ आली, तर ‘उसण भरली’ असे म्हणून तेल चोळतात, शेकतात आणि दोन दिवस वाट पाहतात. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. क्वचित मात्र ती उसण नसते, फुप्फुस मिटलेले असते. डॉक्टर त्याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात, मराठीत वातवक्ष. आज हा धावपळीचा प्रसंग मानला जातो. पण एके काळी डॉक्टर हीच अवस्था रोग्याच्या छातीत मुद्दाम निर्माण करीत असत.

फुप्फुसावर एक पातळ आवरण असते, छातीच्या भिंतीला आतून दुसरे. दोहोंमधल्या फटीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळेच, मुळात आक्रसू पाहणारे फुप्फुस फुगलेले राहते. बरगडी मोडून आत टोचली किंवा फुप्फुसावरचा फोड फुटला, की फटीत हवा शिरते आणि फुप्फुस मिटते. या अवस्थेला न्यूमोथोरॅक्स हे नाव फ्रेंच वैद्य इतार यांनी 1803 मध्ये दिले. लेनेक यांनी 1819 मध्ये तिची लक्षणे नीट मांडली. पुढे शंभर वर्षे तिचे मुख्य कारण क्षयच मानले जाई.

1882 मध्ये कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला. त्याच वर्षी कार्लो फोर्लानिनी या इटालियन डॉक्टरांनी एक उलटी वाट सुचवली. आपोआप फुप्फुस मिटलेल्या काही क्षयरोग्यांचा आजार ओसरल्याचे दिसले होते. मग ते मुद्दामच मिटवले तर? 1888 मध्ये त्यांनी हा उपचार सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने गेल्या. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. फोर्लानिनींची सुई तोवर कुणाच्याच छातीत गेलेली नव्हती.

तर्क सरळ होता. मोडलेल्या हाताला झोळी देतात, तशी दुखऱ्या फुप्फुसाला विश्रांती द्यायची, म्हणजे त्यातली पोकळी मिटून भरून येईल. बरगड्यांमधून पोकळ सुई घालून फोर्लानिनी नायट्रोजन सोडत, पुढे साधी हवा वापरली जाऊ लागली. पण शरीर ही हवा शोषून घेते. म्हणून दर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा भरणे आले, आणि ते दोन-तीन वर्षे चाले. काहींची आवरणे आधीच चिकटलेली असत, त्यांना उपयोग होत नसे. कुणाच्या छातीत पाणी होई, तर कधी हवा रक्तवाहिनीत शिरून जीव जाई. तरी पुष्कळांना उतार पडला, असे त्या काळचे डॉक्टर सांगत.

भारतातल्या आरोग्यधामांतही ही पद्धत रुजली. पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी 1912 मध्ये बेल-एअर आरोग्यधाम काढले होते, मिरजेजवळ वानलेस यांच्या नावाचे क्षयरुग्णालय उभे राहिले. पण वर्षानुवर्षे सुईच्या तारखा पाळायच्या, तर खाट, पैसा आणि मोकळा वेळ हवा. निजामाच्या राज्यातल्या पिशोरच्या शेतमजुराला तो कुठून मिळणार?

औषधांनी हे चित्र पालटले. 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, 1952 मध्ये आयसोनियाझिड हाती आले. 1956 मध्ये मद्रासच्या क्षयरोग केंद्राने गरीब रोग्यांवर अभ्यास सुरू केला. घरी राहून गोळ्या घेणारे रोगी आरोग्यधामातल्या रोग्यांइतकेच बरे होतात, हा त्याचा निष्कर्ष 1959 मध्ये प्रसिद्ध झाला. खेड्यातल्या माणसाचा उपचार इथून शक्य झाला. त्याच 1956 साली औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘घाटी’, सुरू झाले. हवा भरणारी सुई हळूहळू कपाटात गेली.

फुप्फुस मिटणे मात्र थांबले नाही. क्षय नसलेल्या, धडधाकट दिसणाऱ्या माणसांचेही फुप्फुस फुटते, हे डेन्मार्कच्या क्येरगार्ड यांनी 1932 मध्ये दाखवून दिले. असे रोगी बहुधा उंच, सडपातळ तरुण असतात, आणि विडी-सिगारेटने धोका वाढतो. आता डॉक्टरांचे काम नेमके उलटे झाले: हवा बाहेर काढणे. गळती थोडी असेल तर नुसती देखरेख पुरते. जास्त असेल तर सुईने हवा ओढतात किंवा बरगड्यांमधून नळी घालून तिचे टोक बाटलीतल्या पाण्याखाली ठेवतात. बुडबुडे बाहेर पडतात, पण हवा परत आत जात नाही. ही युक्ती जर्मनीच्या ब्यूलाउ यांनी छातीतला पू काढण्यासाठी वापरली होती, 1891 मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. पुन्हापुन्हा फुटणाऱ्या फुप्फुसाला शस्त्रक्रिया करून आवरणे एकमेकांना चिकटवतात. सुईच्या काळात जी चिकटण अडचण होती, तीच इथे इलाज ठरते.

क्षय बरा झाला तरी फुप्फुसावर व्रण ठेवून जातो, आणि असा कमकुवत भाग वर्षांनंतरही फुटू शकतो. हवा आत शिरत राहिली आणि बाहेर पडेनाशी झाली, तर हृदयावर दाब येऊन माणूस काही मिनिटांतही दगावतो. म्हणून उसणीबरोबर दम लागत असेल, तर तेलाची वाटी बाजूला ठेवावी आणि गाडी काढावी. शंभर वर्षांपूर्वी पिशोरच्या माणसाला डॉक्टरची सुई मिळत नव्हती. आज नळी आणि बाटली मिळते, पण त्याने तिथवर वेळेत पोहोचायला हवे.