कातड्याची होडी आणि ‘अमानत’

अमेरिका-युरोपात घरच्या घरी कयाक बांधण्याचा छंद आता चांगला रुजला आहे. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा उभा करायचा, वाफेवर वाकवलेल्या फासळ्या त्यात बसवायच्या, सांधे दोरीने आवळायचे, वर नायलॉनचं कापड ताणून शिवायचं आणि त्याला पाणी न शिरणारा लेप द्यायचा. तयार होडी एकटा माणूस खांद्यावर घेऊन जाऊ शकतो. मला मात्र या होडीच्या इतिहासात ओढून नेलं ते एका ओळखीच्या शब्दाने. तो शब्द म्हणजे ‘अमानत’.

कयाकची अनेक घराणी आहेत. त्यातलं एक अलास्काच्या नैऋत्येला पसरलेल्या अल्यूशियन बेटांवरचं. तिथले मूळ रहिवासी स्वतःला उनांगन म्हणवतात. रशियनांनी त्यांना ‘अल्यूट’ आणि त्यांच्या होडीला ‘बायदार्का’ हे नाव दिलं. या बेटांवर झाडं उगवत नाहीत म्हटलं तरी चालेल. समुद्राने वाहून आणलेलं लाकूड गोळा करून पुरुष सांगाडा बांधत. वाव, हात, वीत हीच मापं, तीही होडी चालवणाऱ्याच्या स्वतःच्या शरीराची. सांगाड्यावर सी लायन या सीलसारख्या मोठ्या प्राण्याचं कातडं चढे, आणि ते शिवण्याचं काम बायकांचं असे. सुई कातड्याच्या आरपार जाऊ न देता घातलेली ती शिवण उसवली, तर गोठवणाऱ्या पाण्यात पडलेला माणूस क्वचितच वाचत असेल. घरातल्या पुरुषांचा जीव बाईच्या टाक्यावर तरंगत होता. तरी इतिहासात ही होडी ओळखली जाते ती फक्त शिकाऱ्याची म्हणून.

१७४१ साली व्हिटस बेरिंगची रशियन मोहीम या भागात आली. परतीच्या वाटेवर बेरिंग मरण पावला. वाचलेल्या खलाशांनी समुद्री पाणमांजरांची कातडी सोबत नेली. या मऊ, दाट फरला चीनमध्ये मोठी किंमत होती. पाठोपाठ रशियन फर-व्यापाऱ्यांच्या टोळ्या आल्या. पण खुल्या समुद्रात पाणमांजराचा पाठलाग करण्याचं कसब त्यांच्याकडे नव्हतं, ते उनांगनांकडे होतं. मग व्यापाऱ्यांनी गावोगावच्या मुलांना, नातलगांना ओलीस ठेवलं आणि पुरुषांना शिकारीला जुंपलं.

या ओलिसांना रशियन भाषेत ‘अमानात’ म्हणत. मूळ अरबी शब्द ‘अमाना’, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव. तुर्की भाषांमार्फत तो रशियनमध्ये गेला. आपल्याकडे उर्दूत तो ‘अमानत’ झाला आणि मराठीत अक्षरांची अदलाबदल होऊन ‘अनामत’. भाड्याने घर घेताना आपण जी अनामत रक्कम भरतो, तोच हा शब्द. अमानत ज्याची त्याला परत करावी, हे मुस्लिम घरात लहानपणापासून कानावर पडतं. साम्राज्याच्या टोकावर मात्र त्याच शब्दाचा अर्थ ‘हिसकावलेलं मूल’ असा झाला.

उनांगन गप्प बसले नाहीत. १७६३ च्या हिवाळ्यात त्यांनी उठाव करून चार रशियन जहाजं नष्ट केली. नंतर इव्हान सोलोव्योव्हने सूड घेतला. माणसं मारली, गावं उद्ध्वस्त केली आणि होड्याही फोडल्या. होडी गेली की शिकार गेली, आणि शिकार गेली की स्वातंत्र्य गेलं, हे त्याला ठाऊक असावं. १७९९ मध्ये रशियन-अमेरिकन कंपनीला मक्तेदारी मिळाली. सक्तीच्या शिकारीसाठी अलास्काचे मूळनिवासी पार कॅलिफोर्नियापर्यंत नेले गेले. हिंसा, रोगराई आणि उपासमारीने उनांगनांची लोकसंख्या ढासळली.

१८६७ मध्ये रशियाने अलास्का ७२ लाख डॉलरला अमेरिकेला विकलं. मालक बदलला, एवढंच. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकन सरकारने ८८१ उनांगनांना बेटांवरून हलवून बंद पडलेल्या कारखान्यांसारख्या जागी कोंबलं. साधारण दहातला एक तिथेच मेला. सरकारने माफी मागितली, नुकसानभरपाई दिली, ती १९८८ मध्ये. या सगळ्यात हातातलं कसब पुढच्या हाती देण्याची साखळी जवळजवळ तुटली.

होड्या उरल्या त्या मुख्यतः संग्रहालयांत. १९६४ मध्ये स्मिथसोनियन संस्थेने ॲडनी आणि चॅपेल यांचं पुस्तक छापलं. त्यातल्या मोजमापांच्या आराखड्यांवरून हौशी लोक कयाक बांधू लागले. जॉर्ज डायसनने ॲल्युमिनियमच्या नळ्या वापरून बायदार्का बांधल्या आणि १९८६ मध्ये त्यांच्यावर पुस्तकही लिहिलं. आता उनांगन तरुणही आपल्या वडीलधाऱ्यांच्या सोबतीने ही होडी पुन्हा बांधू लागले आहेत. स्वतःच्या भाषेत ते तिला ‘इक्याख’ म्हणतात.

घरी होडी बांधणाऱ्याने काही चोरलेलं नाही. उलट अशा हौशी माणसांमुळेही हे कसब टिकलं. पण आराखडा कागदावर आला तेव्हा त्यात लांबी-रुंदी आली. शिवणारीचं नाव आलं नाही, ओलीस ठेवलेल्या मुलाचंही नाही. दख्खनच्या विणकरांचा, कोकणातल्या होडी बांधणाऱ्यांचा इतिहास लिहिताना आपणही वस्तूचं कौतुक करतो आणि हात विसरतो. मला वाटतं, एखाद्या समाजाचं कसब आपल्या हाती येतं तेव्हा ती अमानतच असते. होडी परत करता येणार नाही, पण ती कोणाची आहे आणि तिच्यापायी कोणी काय सोसलं, हे सांगणं तर आपल्या हातात आहे.